हाळाची वाट

४ सप्टेंबर

ती. दादास,
ठमीचा नमस्कार.

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं तर चिठोरीला काय म्हणायचं? "आम्ही दोघं ठीक. पाऊस उघडला. गवत वाढलंय. कळावे." अरे, गवत वाढलंय हे सांगायला पाकीट खर्च केलंस? मी चार पानं भरून विचारलं होतं की तुम्ही तिथून कधी निघताय, त्यावर तुझं एक अक्षर नाही. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे.

आता पुन्हा विचारते. सिमेंटचा कारखाना बंद पडून किती वर्षं झाली ते तूच मोज. शेवटचं बिऱ्हाड कंपाउंडरचं होतं, तेही गेल्या वर्षी गेलं. एवढ्या मोठ्या वसाहतीत आता तुम्ही दोघंच. मालकांनी तुला राखणदार म्हणून ठेवलंय, पण राखण कशाची? तांब्याच्या तारा चोरांनी कधीच नेल्या, मोटारी भंगारात गेल्या. उरल्या त्या भिंती. त्या कोण काखोटीला मारून नेणार आहे?

फोनवर बोलावं, तर तुझे कान तू त्या सिमेंट दळणाऱ्या मिलच्या धडधडीला वाहून बसलास. मी इकडून ओरडते, शेजारची बाई दार वाजवून काय झालं विचारते, आणि तू तिकडून म्हणतोस, "हो हो, पोचलं." म्हणून हा कागद. आणि वहिनी फोनवर का येत नाही? दर वेळी ती झोपलेली तरी असते नाहीतर मागच्या अंगणात. माझ्यावर काही रुसवा आहे का? असला तर तिनं मला सरळ चार शब्द सुनवावेत. शाळेपासून सुनावत आलीय, आताच कसली भीड?

मागची खोली मी मोकळी करून रंगवून घेतली. हवेशीर आहे. मुलगा आणि सून दोघंही म्हणतात, मामा-मामी आले तर बरंच होईल. सून म्हणते म्हणजे खरंच म्हणते, तोंडदेखलं बोलणारी ती नाही.

उत्तर लांब लिही.

ठमी


१५ सप्टेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

लांब लिही म्हणालीस, आता वाचायचा कंटाळा करू नकोस.

आपल्या लहानपणी इथं हिरवं असं काही नव्हतं, आठवतं? पानं राखाडी, छपरं राखाडी, आईचे केस तर वेळेआधीच राखाडी. कपडे घरात वाळवायचे, नाहीतर घालताना पापडासारखे वाजायचे. आता येऊन बघ. भट्टीच्या नळकांड्यावर टोकापर्यंत वेल चढलीय. वजनकाट्याच्या फटीतून आलेलं गवत माझ्या छातीला लागतं. खाणीतून दगड आणणाऱ्या पट्ट्याची ती लांबलचक गॅलरी वेलींनी आतून-बाहेरून विणून काढलीय. भोंग्याच्या पेटीत मधमाश्यांचं पोळं आहे. ज्या भोंग्यानं आपल्या बाबांना उभा जन्म उठवलं, तो आता गुणगुणतो असं तुझी वहिनी म्हणते. मला काय, तेव्हाचा भोंगाही शेवटी शेवटी ऐकू येत नव्हता.

छपरांवर सिमेंटची धूळ पाणी पिऊन पिऊन दगड झाली होती ना, त्या खपलीलाच भेगा पडून झाडं रुजताहेत. ज्या धुळीनं काही म्हणून उगवू दिलं नाही तिच्यातच. कोल्हीण पॅकिंगखात्यात व्यायली. मी तिकडे जात नाही. तीही इकडे येत नाही. शेजारधर्म आम्ही दोघंही पाळतो.

मी सकाळी कोयता घेऊन निघतो. आपल्या क्वार्टरपासून नळापर्यंत, नळापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून करमणुकीच्या हॉलपर्यंत एवढी वाट मी लख्ख ठेवलीय. जरा हात थांबला की रान परत आलंच. मी तोडतो, ते वाढतं. दोघांनाही दुसरा उद्योग नाही.

हॉलपर्यंत कशाला, असं विचारशील. तुझ्या वहिनीला हल्ली त्या हॉलचं वेड लागलंय. उठली की, "अहो, मी हॉलवर जाऊन येते." तिथं ना पडदा ना खुर्च्या, निम्मं छप्पर आत आलंय. पण हौसेला मोल नाही. मी तिला नेतो, पायरीवर बसवतो. ती इकडे तिकडे बघते आणि म्हणते, "इथं नाही." मग आम्ही परत येतो. असा आमचा फेरफटका.

तिकडे येण्याचं आत्ता नको. म्हातारं झाड उपटून दुसरीकडे लावत नाहीत. तुझी वहिनी मजेत आहे. रुसवा-बिसवा काही नाही.

दादा


२६ सप्टेंबर

ती. दादास,
नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले, मग डोकं फिरलं. तू या वयात कोयता घेऊन कंपनीचं रान साफ करतोस? कंपनीनं तुला काय दिलं? बहिरेपण आणि भिंतीवर लावायला एक घड्याळ, तेही बंद. आणि हा त्यांच्या वाटा लख्ख ठेवतोय. साप-किरडू निघालं तर वहिनीनं कुणाला हाक मारायची, कोल्हिणीला?

आणि वहिनीच्या मनातलं तुला अजून कळत नाही. तिला हॉलवर जायचंय म्हणजे तिला माणसं हवीत रे. तिथं गर्दी असायची, बायका पोरं घेऊन यायच्या, कोण कुणाच्या शेजारी बसली यावर आठवडाभर बोलणं चालायचं. तिला त्याची आठवण येते आणि तू तिला मोडक्या पायरीवर बसवून परत आणतोस. ती म्हणते "इथं नाही", म्हणजे आणखी काय म्हणायला हवं? तुझ्याबरोबर राहून बिचारीनं बोलणंच सोडलं असेल. बोलून उपयोग काय?

मला तिच्या हातच्या दोन ओळी हव्यात. तुझ्या नव्हे, तिच्या. त्या आल्या की मी तुला महिनाभर छळणार नाही.

ठमी


८ ऑक्टोबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

घाईत लिहितोय. नळाची मोटर रुसलीय, तिच्या मागे आहे. तुझ्या वहिनीनं खाली दोन ओळी लिहिल्या आहेत. तिच्या बोटांना हल्ली कंप असतो, म्हणून अक्षर वेगळं वाटेल.

दादा

वन्सं, मी मजेत आहे. इथं हवा छान आहे. तुम्ही आमची काळजी करू नये. सर्वांना आशीर्वाद.


१३ ऑक्टोबर

दादा,

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय जुनीच आहे, पण भांडं तरी नीट लपवावं.

वहिनीनं मला जन्मात कधी "वन्सं" म्हटलेलं नाही. शाळेत एका बाकावर बसायचो तेव्हापासून मी तिची "टिटवी". लग्न होऊन आपल्या घरात आली त्या दिवशी सगळ्या बायकांसमोर आईनं तिला सांगितलं की आता नणंदेला वन्सं म्हण, तर ही म्हणाली, "बरं," आणि पाच मिनिटांत, "टिटवे, पाणी आण गं." आई कपाळाला हात लावून बसली होती. "तुम्ही आमची काळजी करू नये" म्हणे. हे कंपनीच्या नोटीशीतलं मराठी आहे, ते तुझंच.

त्या ओळी तू लिहिल्यास. म्हणजे तिला लिहिता येत नाही, किंवा ती तिथं नाही, किंवा मला लिहायला तू तिला सांगूच शकत नाहीस. मला दोन दिवस झोप नाही. सरळ सांग, वहिनी आहे ना?

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, दादा. उलटटपाली कळव, नाहीतर मी निघाले.

ठमी


१८ ऑक्टोबर

चि. ठमीस,

आहे. अंगावर काही दुखणं नाही, चालते फिरते, जेवते. पण ती विसरते.

आधी भाजीत मीठ दोनदा पडायचं. मी म्हटलं, वय झालं, कुणाचं होत नाही? मग एकदा सबंध सकाळ कंपाउंडरच्या बायकोची वाट बघत दारात बसली, आणि ती तर वसाहत सोडून गेलेली. मग आरशाशी बोलायला लागली. मग एक दिवस मला विचारलं, "आज पाळी कुठली? डबा करायचा का?" मी म्हटलं, "रात्रपाळी आहे, सावकाश कर." खरं सांगितलं असतं तर तिचं तोंड उतरलं असतं, ते मला बघवत नाही.

गेल्या हिवाळ्यात तिला तिच्या भाच्याकडे नेलं होतं. चांगली माणसं, जागाही चांगली. पण ती भिंती चाचपत दार शोधत राहिली. दार सापडलं तर त्याच्यामागे कपाट. तिथंच बसून रडली. मी हात धरला तर हात झटकला. परत आणलं, तर ही सरळ स्वयंपाकघरात गेली आणि न बघता साखरेचा डबा काढला. त्या दिवशी मी ठरवलं, आता हिला हलवायचं नाही. हे घर, हा नळ, ही वाट, सगळं तिच्या ओळखीचं ठेवायचं.

म्हणून कोयता, ठमे. कंपनी गेली खड्ड्यात. एखादं झुडूप वाढलं आणि नळावरून शाळा दिसेनाशी झाली की ती तिथंच थांबते आणि पुढं कुठं ते तिला कळत नाही. रान वसाहत खातंय याचं मला काही नाही, ते तिची वाट खातंय. ते एक इंच पुढं येतं आणि ती एक इंच मागं जाते. मी मधे उभा आहे आणि माझा हात आता पूर्वीसारखा चालत नाही.

एवढी वाट राखूनही ती रोज हॉल, हॉल करते आणि हॉलवर नेलं की चिडते. त्याचं मला कोडं उलगडत नाही. तिथंच तिचं काहीतरी हरवलंय असं वाटून मी तिथलं गवत मुळापासून काढलं, पायऱ्या धुतल्या. तरी "इथं नाही".

तुला लिहिलं नाही, कारण तू गाडी घेऊन आली असतीस. आणि त्या ओळी लिहिताना माझी मलाच लाज वाटत होती. वन्सं म्हणतात एवढं मला ठाऊक होतं. ती तुला काय म्हणायची, हे घरातलं बोलणं माझ्या कानापर्यंत कधी आलंच नाही बघ.

दादा


२४ ऑक्टोबर

दादा,

पत्र वाचून मी आधी खूप रडले. आपली वहिनी आणि आपल्याला कळू नये. त्याबद्दल नंतर भांडेन. आधी हे वाच, उभ्या उभ्या वाच.

ती हॉल म्हणत नाही. ती हाळ म्हणते. हाळ. गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी. तुझ्या कानांनी त्याचा हॉल केला आणि मीही वेडी, तुझ्या अक्षरावर विसंबून तिला सिनेमाची आठवण येते असं धरून बसले. ती जन्मात दोनदा सिनेमाला आली असेल, दोन्ही वेळा झोपली.

वहिनीच्या वाडीत त्यांच्या विहिरीजवळ हाळ होता. तू ती वाडी नीट बघितलीच नाहीस. तू मोठा, तुझं कारखान्यात शिकणं चाललेलं, आणि लग्न ठरवायला गेलात तेही कंपनीच्या जीपमधून डांबरी रस्त्यानं. आमची वाट वेगळी होती. शाळेच्या मागच्या दारानं बाहेर पडायचं, बांधावरच्या बोरींच्या रांगेतून सरळ जायचं, ओलसर जागा लागली की डावीकडे वळायचं. तिथं हाळ. काठावर बसून पाय पाण्यात सोडायचे. गुरं आली की पाय वर घ्यायचे. तिचे वडील लांबून ओरडायचे, "पोरींनो, पाणी गढूळ करू नका." तिथं बसूनच मी तिला सांगितलं होतं की माझा भाऊ तुझ्याकडे बघतो. ती म्हणाली, "बघू दे की, बघायला काय लागतं?"

मग खाण सरकत सरकत आली. वाडी उठली, धुळीनं बोरी वाळल्या आणि ती वाट गेली. हे सगळं तुला माहीत आहे, फक्त हाळ माहीत नाही.

दादा, ती करमणुकीला निघालेली नाही. ती माहेरी निघालीय. आणि माहेर होतं तिथं आता खाण आहे, पाण्यानं भरलेली. तिला एक क्षण एकटी सोडू नकोस. मागचं दार बंद ठेव. मी मुलाच्या सुटीचं बघते आणि येते.

टिटवी


९ नोव्हेंबर

चि. ठमीस,

टपाल फाटकापर्यंत आठवड्यातून एकदा येतं. तुझं पत्र माझ्या हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशीच सगळं होऊन गेलं होतं. घाबरू नकोस, ती माझ्या समोर बसलीय.

मी मोटरपाशी होतो. घरी आलो तर ही नाही. मी आधी कुठं धावलो असेन? हॉलवर. तिथं कुणी नाही. नळावर नाही. हाका मारत सुटलो आणि मग मला कळलं की मी मूर्खासारखा ओरडतोय, तिनं ओ दिली तरी ती मला थोडीच ऐकू येणार आहे? तेव्हा मी ओरडणं थांबवून नुसतं बघायला लागलो. शाळेच्या मागचं दार उघडं होतं. पलीकडे मी कधी कोयता लावला नव्हता, तिकडे जायचं कारणच नव्हतं. तिथं गवत पायांनी दबलेलं होतं. एकसारखं, सरळ. चुकलेल्या माणसाचं असं नसतं.

बोरी परत आल्यात, ठमे. मेलेल्या खोडांच्या शेजारून फुटल्यात, माझ्या डोक्यावर गेल्यात, अगदी रांगेत. पुढं ओलसर जागा. तिथून डावीकडे. तुझं पत्र वाचायच्या आधी मी ती वाट चाललो. हाळावर सिमेंटची खपली होती, ती फुटून पडलीय आणि आत पावसाचं पाणी साचलंय. ती काठावर पाय सोडून बसली होती. तिच्या पाठीमागे झुडपं, आणि झुडपांच्या पाठीमागे काही नाही. खाली खाणीचं हिरवं पाणी.

मी जवळ गेलो. तिनं वर बघितलं, छान हसली आणि म्हणाली, "अहो, जपून, इथं निसरडं आहे." मला हायसं वाटलं. मग म्हणाली, "कुणाकडे आलात?"

ठमे, ती मला लग्न झाल्यापासून अहो म्हणते. म्हणून इतके दिवस मला कळलंच नाही. नवऱ्याला अहो म्हणतात आणि रस्त्यावरच्या परक्या माणसालाही अहोच म्हणतात. माझं अहो कधी गेलं आणि हे दुसरं कधी आलं, त्याचा मला पत्ताच लागला नाही. ती अरे-तुरे करणारी असती तर मला त्याच दिवशी समजलं असतं. मी म्हटलं, "तुमच्याकडेच आलोय." ती म्हणाली, "बाबा शेतात गेलेत. बसा."

मी बसलो.

येताना शाळेपाशी माझी साफ केलेली वाट सुरू झाली. तिथं ती थबकली. तोडलेल्या बुंध्यांकडे बघून म्हणाली, "कुणी तोडलं हे सगळं? बाबा ओरडतील." माझ्या हातात कोयता होता. मी तो पाठीमागे धरला.

मला वाटत होतं मी तिच्यासाठी वसाहत राखतोय. ती वसाहतीच्याही मागे निघून गेली होती. हे रान तिच्या ओळखीचं होतं, वसाहतीच्या आधीचं. जे उगवून तिला वाट दाखवत होतं, तेच मी रोज सकाळी उठून कापत होतो. आणि ती जिथं पोचलीय तिथं मी अजून आलेलोच नाही. मी कारखान्याबरोबर आलो. मला याचं फार वाईट वाटतं, ते मी तुलाच सांगू शकतो.

पण ती सुखात आहे. आम्ही रोज जातो. ती विहीर कुठं होती ते दाखवते, गुरांची नावं सांगते, माझी चौकशी करते, तुमच्या घरी कोण कोण असतं म्हणून. मी सांगतो, एक बहीण आहे, फार बोलते. घरी येऊन गाढ झोपते. आता तर आम्ही मुळीच येणार नाही. कोयता मी माळ्यावर टाकला.

दादा

ता.क. परवा तिथं पाय जरा घसरला, पण विशेष काही नाही.


१६ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. सुनेनंही वाचलं, ती उठून आत गेली.

पण मी तुझी बहीण आहे. मला पत्रात आधी ताजा कलम दिसतो. पाय घसरला. कुणाचा? किती? तू लिहीत नाहीस म्हणजे तिचाच.

आता रागावू नकोस. मला कळतं की ती तिथं सुखात आहे. मला हेही कळतं की मी तिला तिच्या माहेरातून उचलून एका खोलीत आणायचं म्हणतेय. आणि ती खोली हवेशीर आहे हे मी खोटंच लिहिलं होतं. तिची खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत आहे, हात लांब केला तर लागेल. तुम्ही यावं म्हणून लिहिलं. तू एकटाच खोटं लिहितोस असं नाही.

तरीही सांगते, या. वर्षअखेर कंपनी वसाहतीचे नळ आणि वीज तोडणार आहे असं पेपरात आलंय; ती नोटीस तुला आली असणार आणि तीही तू माझ्यापासून लपवलीस. ते सोड, पाण्याची काहीतरी सोय करता येईल. पण ती खाणीच्या कडेवरून खाली गेली तर तिला तरंगता येईल का, हे मला माहीत नाही. ती हाक मारेल एवढं नक्की माहीत आहे. आणि दादा, तुला ऐकू येणार नाही. हे दुसरं कुणी तुला सांगणार नाही.

तुझं उत्तर आलं की लगेचच्या शनिवारी गाडी घेऊन मुलाला पाठवते. तू फक्त हो म्हण. आणि आता तरी जे असेल ते खरं लिही.

ठमी


२३ नोव्हेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

हो.

खरं लिहायला सांगितलंस, तर पाय तिचाच घसरला. ती हाळामागच्या झुडपांतून पलीकडे गेली होती, विहिरीत पाणी किती आहे ते बघायला. मी पाठमोरा होतो, तिच्यासाठी काठी तासत होतो. वळून बघितलं तेव्हा ती खाणीच्या कडेवर आडवी होती आणि तिची शाल बोरीच्या काट्यांत गुंतलेली होती, म्हणून ती वर होती. मी तिला ओढून घेतलं. धाप ओसरल्यावर ती मला म्हणाली, "अहो, मी किती हाका मारल्या, तुम्ही आला नाहीत." रागानं नाही, नुसतंच म्हणाली. त्या दिवसापासून माझं मन ठिकाणावर नाही. तुला विशेष काही नाही असं लिहिलं, आणि तुझं पत्र येईपर्यंत माझी मीही तशीच समजूत घालत होतो.

काल तिला सांगायचं ठरवलं. घरात सांगून उपयोग नाही, घर आता तिचं नाही. हाळावरच सांगितलं. म्हटलं, "शहरात माझी बहीण आहे. तिच्याकडे जाऊ या. तुम्ही चला."

ती काठावरून उठली. म्हणाली, "मी तुमच्याबरोबर कशी येऊ? तुम्ही चांगले आहात, पण मी अशी कुणाबरोबरही जाणार नाही. बाबांना विचारलंत का?"

आता काय करायचं? सासऱ्यांना जाऊन किती काळ लोटला. मी म्हटलं, "थांबा, विचारून येतो." झुडपांतून पलीकडे गेलो. खाणीच्या कडेवर जाऊन उभा राहिलो. वाडी होती तिथं पाणी आहे आणि पाण्याच्या कडेनं लव्हाळे उगवलेत. तिथं उभा राहून मी खरंच विचारलं, ठमे. हसू नकोस. म्हटलं, एकदा दिलीत, आता पुन्हा द्या.

परत आलो तर ती वाटच बघत होती.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, घेऊन जा, पण नीट सांभाळा."

"आणि आई?"

"आई आत होत्या. पण त्याही नाही म्हणाल्या नाहीत."

तिनं हाळातल्या पाण्यानं तोंड धुतलं, केस नीट केले आणि म्हणाली, "मग चला. पण मला परत कधी आणून सोडाल?"

शनिवारी तुझ्या मुलाला लवकर पाठव. तिला मी लग्न ठरलेला परका माणूस आहे असं वाटतंय, तेव्हा त्यानं मला मामा म्हणावं आणि तिला मामी म्हणू नये, ती गोंधळेल. तू मात्र तिला दारातच हाक मार, कदाचित टिटवी तिच्या लक्षात असेल, कारण तू तिथं माझ्याआधी होतीस.

आणि एक. ती तिकडे आली की रोज विचारेल, मला परत कधी सोडणार. तू आजवर माझ्या खोट्यावर फार बोललीस. आता आपण दोघांनी एकच सांगायला हवं. मी तिला चार दिवसांनी असं सांगितलंय.

दादा